दुसरी सही

आमचे घरमालक जेवणं झाली की डाव-पळ्या मोजायचे. चोरीच्या भीतीने नव्हे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी एक फळी ठोकली होती आणि तिच्यावर हिरव्या रंगाने प्रत्येक वस्तूची आकृती काढली होती. पळीची, डावाची, झाऱ्याची, उलथन्याची. वस्तू जागेवर टांगली की आकृती झाकायची. नाहीतर हिरवा रंग उघडा दिसायचा आणि काका हात पुसत विचारायचे, झारा कुठाय? झारा सापडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. एकदा पाहुण्यांची गाडी चुकली ती या झाऱ्यापायी. काकू म्हणायच्या, बावीस वर्षं विमानांची हाडं जुळवलीनी ह्यांनी, आता माझ्या उलथन्यात जीव अडकलाय.

मी मूळची मिरजेची. नव्व्याण्णव साली एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला रत्नागिरीला आले आणि माळनाक्याच्या आतल्या बाजूला, एका चिऱ्याच्या घराच्या माडीवर खोली मिळाली. सामान वर चढवलं, पाणी तापवायची कॉइल बादलीत टाकली, आणि बटण दाबणार तोच काका दारात. उंच, हडकुळे, खाकी अर्धी चड्डी, बनियनला पेन अडकवलेलं. हातात एक पुठ्ठा, त्याला तार ओवलेली. पुठ्ठ्यावर रकाने आखले होते. काम, तारीख, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. त्यांनी कॉइलची वायर बोटांनी चाचपली, प्लग उघडून आतला स्क्रू आवळला, सही केली आणि पुठ्ठा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, मी काय तपासलंय? ते म्हणाले, तेच तर. तपासा आणि मग करा.

मला वाटलं, बरा विक्षिप्त म्हातारा मिळाला. भाडं आगाऊ दिलं होतं म्हणून राहिले.

हळूहळू कळलं की त्या घरात जिथे जिथे जिवाशी गाठ होती तिथे तिथे असा पुठ्ठा टांगलेला होता. गॅसच्या सिलिंडरला, विहिरीच्या पंपाला, आंबे काढताना लावायच्या शिडीला. साध्या कामाला एक सही चालायची. जिवाच्या कामाला दोन, आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या. ज्यानं आवळलं त्यानं तपासायचं नाही, हा त्यांचा नियम. दुसरी सही बहुतेक काकूंची असायची. चौथी शिकलेल्या काकू सिलिंडर बदलला की साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायच्या, आणि मग पेन घट्ट धरून आपलं पूर्ण नाव काढायच्या. एकदा दूध उतू जात होतं म्हणून त्यांनी न बघताच सही ठोकली. काकांनी तो पुठ्ठा फाडला, नवा आखला आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. इतकं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

हवाई दलात ते फिटर होते. विमानाचा सांगाडा, पंख, शेपटी आणि पायलटच्या हातातली दांडी ज्या तारांनी पंखांना जोडलेली असते त्या तारा, हे त्यांचं काम. आळीत मात्र सगळे त्यांना पायलट म्हणायचे. मासेवाली सुद्धा फाटकातून ओरडायची, पायलट, बांगडे ताजे हायत. आणि काका प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, न कंटाळता सांगायचे, पायलट नव्हे, फिटर. आयुष्यात ते एकदाही विमानात उडाले नव्हते. बावीस वर्षांत जमिनीपासून शिडीच्या पाचव्या पायरीपर्यंत, एवढीच माझी उंची, असं ते सांगायचे. रविवारी स्कूटर काढून गावाबाहेरच्या धावपट्टीकडे जायचे. तिथे तेव्हा विमान क्वचितच उतरायचं. कुंपणाबाहेरून वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी बघायचे आणि परत येऊन काकूंना सांगायचे, आज पश्चिमेचा आहे. काकू म्हणायच्या, समुद्र पश्चिमेला आहे, वारा काय पुण्याहून येणार?

त्यांची आणखी एक सवय म्हणजे दिसेल ती वस्तू दोन बोटांत धरून हलवून बघायची. खुर्चीचा पाय, नळाची चावी, दाराची कडी, पाहुण्याच्या चष्म्याची काडी. क्लासच्या संचालकांना मी एकदा घरी चहाला आणलं, तर काकांनी त्यांच्या नाकावरचा चष्मा उतरवून घेतला, घड्याळजीच्या स्क्रूड्रायव्हरने काडी आवळली आणि परत नाकावर चढवला. मग निकाल दिला. हलायला हवं ते हलावंच, हलायला नको ते हललं की वाईट. संचालक पुढे वर्षभर मला विचारायचे, तुमचे पायलट कसे आहेत.

त्यांची मुलगी अमेरिकेत होती. तिच्याशी पत्रव्यवहारासाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्या निमित्ताने मी भाडेकरूची मास्तरीणबाई झाले. दोन हजार सालच्या एप्रिलमध्ये मुलीचा एक शेजारी सुट्टीवर आला आणि त्याच्याबरोबर तिने एक खोकं पाठवलं. आत विमानं उडवायच्या खेळाची सीडी आणि एक जॉयस्टिक. साधी नव्हे. साध्या जॉयस्टिकची दांडी नुसती हलते, हिच्या बुडात मोटारी होत्या. खेळातल्या विमानाला वारा लागला की दांडी हाताला ओढणार, ढकलणार, थरथरणार. काकांनीच ती पत्रातून मागवली होती हे मला नंतर कळलं. मुलीला वाटलं, बाबांना म्हातारपणी खेळणं हवंय.

खोकं उघडल्यावर त्यांनी आतल्या यादीप्रमाणे प्रत्येक वस्तू मोजून टेबलावर मांडली. मी उत्साहाने प्लग लावायला गेले, तर माझं मनगट धरलं. भिंग आणून बुडाखालची पट्टी वाचली. एकशे दहा व्होल्टची वस्तू, आपल्याकडे दोनशे तीस. मी लावली असती तर धूर झाला असता. मग शेजारच्या घरी चौकशी झाली. तिथले गृहस्थ जहाजावर नोकरीला होते आणि त्यांच्या घरी परदेशी मिक्सर होता, तो चालवायला विजेचा दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर होता. त्यांच्या बायकोने तो दिला, अट एकच, सकाळी चटणी वाटायच्या वेळेला परत पाहिजे. तेव्हापासून आमचं विमान फक्त दुपारी उडू शकत असे.

पुढचं विघ्न म्हणजे दांडीची वायर. तिच्या टोकाला पंधरा टाचण्यांचा जाड प्लग होता आणि तो जिथे बसवायचा ते साउंड कार्ड काकांच्या कॉम्प्युटरला नव्हतंच. क्लासमधल्या मोडक्या सामानाच्या कपाटातून मी एक मागून आणलं. काकांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, मी कार्ड बसवलं, आणि झाकण लावताना चारातला एक स्क्रू कमी निघाला. मी म्हटलं, तीनवर चालतं, क्लासमधले सगळे डबे दोनवर आहेत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट खाली बसले. मग काका, मी आणि आंब्याच्या पेटीचं गवत कापायचं सोडून आलेल्या काकू, तिघं जण फरशीवर गुडघे टेकून तासभर रांगत होतो. शेवटी तो स्क्रू मी कार्डाबरोबर आणलेल्या स्पीकरच्या मागे लोहचुंबकाला चिकटलेला काकूंना सापडला. काका म्हणाले, आता बोला, हा आत राहिला असता तर? मी म्हटलं, कॉम्प्युटर जळला असता. ते म्हणाले, हां, तुमच्याकडे नुसतं जळतं.

सीडी घातली, खेळ चढवला, दांडी ओळखली गेली. पडद्यावर विमान डावी-उजवीकडे झुकू लागलं. पण दांडीत जीव येईना. नुसती लुळी. ज्यासाठी मागवली ती ओढ नाही, थरथर नाही. मी पुस्तिका वाचली, सगळं काढून परत घातलं. दोन रविवार गेले. काका दांडीचं टोक दोन बोटांत धरायचे, हलवायचे आणि मान हलवायचे. त्यांचं बघून मीही तिला दोन बोटांनीच धरत होते. अमेरिकेतून येताना मोटार गेली असणार, असं ठरलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मला क्लासमध्ये शिकवताना ते आठवायचं आणि वाईट वाटायचं.

तिसऱ्या रविवारी काकू फडक्याने टेबल पुसत होत्या. दांडी पुसायला त्यांनी ती आख्खी मुठीत धरली आणि किंचाळून सोडून दिली.

"हे चावतंय गो."

मी धावत गेले. मूठ वळली. दांडी माझ्या हातात एकदम ताठ झाली, हळूच मधोमध येऊन उभी राहिली. हात काढला, परत लुळी. मुठीच्या जागेवर एक बारीक काळं भोक होतं, तळहाताने ते झाकलं गेलं की मोटारी जाग्या व्हायच्या. हात असेल तरच जोर. पुस्तिकेत ते होतं, मी वगळलं होतं. आम्ही दोघं शहाणे दोन आठवडे तिला चिमटीत धरत होतो, आणि लाटणं धरायची सवय असलेल्या बाईने तिला पहिल्या मुठीत जागं केलं.

काका मात्र तेव्हाही दांडी हातात घेईनात. उजवा हात चड्डीच्या खिशात घालून ते म्हणाले, आधी सगळं नीट बसवू, मग पुठ्ठा भरू, मग बघू. पुढच्या दुपारी मी खेळातली मांडणी, म्हणजे सेटिंग, तपासायला बसले. लढाईचा खेळ होता, पण काकांनी आधीच बजावलं होतं की शत्रू नको. बंदुका हे आर्मामेंटवाल्यांचं काम, दुसऱ्याच्या ट्रेडमध्ये आपण हात घालायचा नाही. मी शत्रू काढून टाकले. मग माझ्या लक्षात आलं की दांडी पुढे ढकलली की विमानाचं नाक खाली जातंय आणि मागे ओढली की वर. हे तर उलटंच आहे, असं मला वाटलं. क्लासमध्ये पोरं खेळ खेळतात तेव्हा वरचा बाण दाबला की वर जातं. मी मोठ्या शहाणपणाने मांडणीतल्या 'उलट करा' या चौकटीत खूण केली. काकांनी आखलेल्या पुठ्ठ्यावर काम लिहिलं, 'दांडी जोडली, दिशा दुरुस्त केली', आणि पहिल्या रकान्यात सही केली.

त्या दुपारी आळीतली चार माणसं विमान बघायला आली होती. ट्रान्सफॉर्मरवाल्या वहिनी आल्या होत्या. काकूंनी आंबेडाळ केली होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी दांडीकडे बघितलं, जमलेल्या माणसांकडे बघितलं, आणि दांडीला हात न लावता, डाव्या हाताने, दुसऱ्या रकान्यात सही केली. मला थोडं नवल वाटलं. पण मास्तरीणबाईंनी केलंय म्हणजे झालं, असं ते म्हणाले आणि मी खुळी फुगले.

ते खुर्चीत बसले. उजवा हात खिशातून काढून दांडीवर ठेवला. इंजिनचा आवाज वाढला, धावपट्टी मागे पळू लागली, दांडी त्यांच्या मुठीत थरथरू लागली. त्यांनी श्वास घेतला आणि दांडी मागे ओढली. विमानाचं नाक सरळ धावपट्टीत घुसलं. दांडीने हाताला असा हिसका दिला की टेबलावरची वाटी पडली.

जमलेली माणसं हसली. हसण्यासारखंच होतं ते. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पुठ्ठा उचलला, दोन्ही सह्यांकडे बघितलं, आणि उठून मागच्या पडवीत जाऊन बसले.

मी मागून गेले. माझी चूक झाली, मला उलट वाटलं होतं, एवढंच म्हणत राहिले. मग त्यांनी सांगितलं, मधे न थांबता, माझ्याकडे न बघता.

नोकरीला सहा-सात वर्षं झाली होती. उत्तरेकडच्या एका तळावर ते आणि त्यांचा एक मित्र एकत्र काम करत. एका विमानाच्या तारा मित्राने जोडल्या. दुसरी सही काकांची होती. दांडी डावीकडे नेली की डाव्या पंखावरची, विमान वळवणारी पट्टी वर उठते की नाही, शिडीवर चढून, डोळ्यांनी बघायचं, एवढं पाच मिनिटांचं काम. पण मित्राचा हात म्हणजे आपलाच हात, असा भरवसा. त्यांनी खाली उभ्या उभ्या सही केली. पायलट आत बसला. निघण्याआधी सवयीने त्याने दांडी डावीकडे नेली आणि मान वळवून पंखाकडे बघितलं. पट्टी खाली गेली. तारा उलट्या जोडलेल्या होत्या. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, कागद मागितला आणि दोघांसमोर धरला. ओरडला नाही. वर कळवलंही नाही. एवढंच म्हणाला, "दस्तखत दो हैं, आदमी एक ही है."

"त्या माणसाने तेव्हा मान वळवून बघितलं नसतं ना," काका म्हणाले, "तर मी त्याला मारला होता."

तो पायलट पुढे त्यांना म्हणाला होता, एकदा तुला वर नेतो, हवेत दांडी कशी लागते ते तुझ्या हाताला कळू दे, मग तू न बघता सही करणार नाहीस. पण त्याची बदली झाली आणि ते राहिलं. त्या एका सहीच्या पलीकडे काय असतं ते आपल्याला अजून ठाऊक नाही, मरायच्या आधी एकदा ते हाताला कळावं, म्हणून ही दांडी मागवली होती. आणि ती आल्यावर आपण परत तेच केलं.

मी विचारलं, काका, पण तुम्ही बघितलं का नाही? तुम्ही तर झारासुद्धा सोडत नाही.

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो हलत होता. बोटं आपोआप एकमेकांवर घासत होती, जणू तपकिरीची चिमूट चोळताहेत. डॉक्टरांनी हिवाळ्यातच कंपवात सांगितला होता. तपासायचं म्हणजे दांडी मुठीत धरून सगळ्यांसमोर सावकाश चारी दिशांना न्यायची, आणि तेच त्यांना नको होतं. चिमटीत धरलेलं कोणाला कळत नाही. हलायला नको ते हलायला लागलं होतं, आणि ते त्यांच्याच अंगात होतं. काकूंना सांगितलं नाही अजून, असं ते म्हणाले.

काकू दारातच उभ्या होत्या.

"मला काय सांगायचंय," त्या म्हणाल्या. "शिमग्यापासून पळ्या टांगताना वाजतायत त्या."

मला त्या दोघांची इतकी माया आली की तिथे उभं राहवेना. मी वर गेले आणि मनसोक्त रडले.

आठवडाभर काकांनी कॉम्प्युटरवर घातलेला कपडा काढला नाही. मग मीच एका दुपारी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला बसले, जशी आधीच वाचायला हवी होती. तीत दांडीचा जोर कमीजास्त करायची मांडणी होती. दांडी मधोमध परत ओढायचा जोर वेगळा आणि घट्ट मधात चमचा फिरवताना लागते तशी ती जड करायचा वेगळा. मी काकांना बोलावलं, उलट केलेलं सरळ केलं, आणि जडपणा थोडा वाढवून म्हटलं, मूठ धरा. त्यांनी नाखुशीने धरली. मी आणखी वाढवला. आणखी थोडा. काकांचं कपाळ आक्रसलं. त्यांचा हात हलायला बघत होता आणि दांडी त्याला हळूहळू आवरत होती. पूर्ण थांबला नाही, पण निवला. ते हाताकडे बघत राहिले.

मग आमचा जुना फिटर जागा झाला. साठवर ठेवा, आता पासष्ट, मधली ओढ पाच कमी, असं चाललं. तारांचा ताण बसवण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं होतं. मी आकडे बदलायची, ते डोळे मिटून दांडी फिरवायचे. तीन दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी त्यांनी पुठ्ठा घेतला आणि पहिल्या रकान्यात, उजव्या हाताने, वेडीवाकडी सही केली. दुसरीसाठी काकूंना बसवलं. मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की खाली, डावीकडे नेली की डाव्या पंखावरची पट्टी वर. काकूंनी एकेक करून बघितलं. चष्मा पुसून डावा पंख परत एकदा बघितला. मग पूर्ण नाव काढलं.

विमान उठलं. या वेळी बघायला फक्त आम्ही दोघी होतो. धावपट्टी खाली गेली, चाकांची खडखड हाताला लागायची बंद झाली, आणि वेग वाढला तशी दांडी आणखी ताठ झाली. ते वळण घ्यायला गेले तर तिने त्यांना अडवलं. त्यांनी दुसरा हातही लावला. ढगात शिरल्यावर ती थरथरायला लागली.

"आता हलतंय कोण?" त्यांनी विचारलं. "मी की स्टिक?"

मी म्हटलं, विमान.

ते नुसते सरळ उडत होते. मग म्हणाले, "जड आहे गो. जमिनीवर बोटाने हलते ही. वर इतकी जड असते होय. बावीस वर्षं मी हलक्या दांडीवर सह्या केल्या." डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांनी हात काढला नाही. काकूंनी पदराने पुसलं.

त्यानंतर मी तिथे असेपर्यंत रोज दुपारी एक उड्डाण व्हायचं. बंदूक त्यांनी कधी झाडली नाही. एकदा माझ्या हातून शत्रू काढायचे राहिले आणि मागून गोळ्या आल्या. दांडी हिसके द्यायला लागली, तर ते शत्रूला थांब रे बाबा म्हणत शांतपणे उतरायची तयारी करत होते. आणि उतरल्यावर दर वेळी ट्रान्सफॉर्मर शेजारी परत, भिंग आणि चार स्क्रू मोजून जागेवर.

दोन हजार दोनमध्ये मला पुण्याला नोकरी लागली. निघताना त्यांनी माझ्या बॅगेची कडी दोन बोटांनी हलवून बघितली आणि आवळून दिली. पत्रं यायची, मग काकूंच्या अक्षरात यायला लागली. पाच वर्षांनी, श्रावणात ते गेले. मी आजारी होते, जाता आलं नाही. ते माझ्या मनाला लागून राहिलं.

मी गेले ती चार महिन्यांनी, एका शनिवारी. काकू वाळल्या होत्या, पण फळीवर सगळ्या आकृत्या झाकलेल्या होत्या. मला त्यांनी आधी घावन खायला लावले आणि मग कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. दांडीवर त्यांनी शिवलेली टोपी होती. शेजारी खिळ्याला पुठ्ठ्यांचा गठ्ठा, सात वर्षांचा. मी पानं उलटत गेले. डावीकडे काकांची सही, पहिल्यांदा वेडीवाकडी, मग आणखी पसरलेली, शेवटच्या पानांवर नुसती थरथरणारी रेघ. उजवीकडे प्रत्येक ओळीत काकूंचं पूर्ण नाव, पहिल्या दिवसासारखंच.

सगळ्यात वरच्या पुठ्ठ्यावर डावीकडच्या रकान्यात काकूंचं नाव होतं. काम, 'धूळ पुसली, चालू केलं, हात ठेवला'. दर शनिवारची एक ओळ. पंधरा ओळी झाल्या होत्या, आणि उजवा रकाना पूर्ण रिकामा.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, यंत्र पडून राहिलं की खराब होतं, हे म्हणायचे. मला उडवता येत नाही. नुसता हात ठेवते. ठेवला की जागं होतं आणि हातात येऊन उभं राहतं. थोडा वेळ बसते. मग बंद करते. तपासायला घरात कोण आहे?

त्या दिवशीचं काम त्यांनी माझ्यासमोर केलं, सोळावी ओळ लिहिली आणि पेन मला दिलं. मी खुर्चीत बसले. मूठ वळली, दांडी ताठ झाली. जडपणा आम्ही त्या दुपारी बसवला होता त्यापेक्षा खूप वाढलेला होता. माझ्या हाताला ती रेटता रेटत नव्हती, म्हणजे शेवटी काकांचा हात किती हलत असेल ते मला तेव्हा कळलं. मी मागे ओढली, नाक वर. पुढे ढकलली, नाक खाली. डावीकडे नेली आणि डाव्या पंखावरची पट्टी उठताना नीट बघितली. उजवीकडे नेली. मग सही केली.

काकू खांद्यावरून बघत होत्या. "वरच्या पंधरांवर पण करून टाक गो," त्या म्हणाल्या. "मोकळं बरं दिसत नाय."

मी म्हटलं, काकू, त्या मी बघितल्या नाहीत.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग पुठ्ठा खिळ्याला अडकवला आणि दांडीला टोपी घातली. वरच्या पंधरा ओळी रिकाम्या आहेत, त्या तशाच राहतील. सोळावीवर सह्या दोन आहेत, आणि माणसंही दोन आहेत.